सव्वा महिना

"सहा आठवडे," प्लास्टिक सर्जन म्हणाले. "दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. पोटावर ताण येईल असं काही करायचं नाही. पहिले दोन आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही." त्यांनी कागदावर छातीचं आणि पोटाचं चित्र काढून दिलं होतं, ते घडी घालून मी पर्समध्ये ठेवलं. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. कॅन्सरमुळे डावा स्तन पूर्ण काढणार, त्याच वेळी पोटाची कातडी आणि चरबी घेऊन तिथे नवा करणार, हे त्यांनी मधे काही न बोलता ऐकून घेतलं. सहा आठवडे म्हटल्यावर मात्र त्यांनी बोटांची पेरं मोजली. "बेचाळीस दिवस. म्हणजे सव्वा महिनाच की," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीसारखं करू तुझं."

त्या एका वाक्याने माझं निम्मं काम झालं. 'रिकव्हरी' म्हटलं असतं तर घरात चार जणांनी चार अर्थ लावले असते. सव्वा महिना सगळ्यांना कळतो. सव्वा महिन्यात बाई ओट्याशी उभी राहत नाही, तिचं ताट तिच्यापाशी येतं, आणि त्यासाठी तिला कुणाची समजूत काढावी लागत नाही. अशी विश्रांती मला आयुष्यात एकदाच मिळाली होती, बावीस वर्षांपूर्वी, मुलीच्या वेळी. नंतर ताप आला, कंबर धरली, पाय मुरगळला, तरी कुकर लावून मगच आडवी झाले. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायकांचं असंच आहे. म्हणून मी हे लिहिते आहे. या ऑपरेशनची तयारी म्हणजे नुसती बॅग भरणं नाही. घर आणि घरातली माणसं बेचाळीस दिवस आपल्याशिवाय चालतील अशी बसवून ठेवणं, ही खरी तयारी. आणि तिला वेळ लागतो.

माझं वय सत्तेचाळीस. एका पतसंस्थेत कॅशियर आहे. पुण्यात सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारत जुनी, लिफ्ट नाही. दिवाळीचा फराळ संपत आला होता तेव्हा आंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, मग सुईने तुकडा काढून बायोप्सी. गाठ लहान होती, पण दुधाच्या नलिकांच्या आत आजार बराच पसरलेला होता, त्यामुळे नुसती गाठ काढून भागणार नव्हतं. ऑपरेशन आधी, पुढचे उपचार रिपोर्टवर, असं ठरलं. मार्गशीर्षातली तारीख मिळाली. हातात सतरा दिवस होते.

नवा स्तन करायचा की नाही, हे माझं मला ठरवायचं होतं. सिलिकॉनचं इम्प्लांट, पाठीचा स्नायू वळवून आणणं, आणि पोटाची चरबी, असे तीन मार्ग सर्जननी समोर ठेवले. नातेवाइकांत एकीने विचारलं, "या वयात कशाला हा खटाटोप? जीव वाचतोय ना?" जीव वाचवायचं काम कॅन्सरचे सर्जन करणारच होते. मला रोज सकाळी ब्लाउजमध्ये काहीतरी भरून काउंटरवर बसायचं नव्हतं. कुणाला ते चालतं, कुणी सपाट छातीने राहते आणि तीही छान राहते. मला नको होतं, एवढंच. पोटाचा मार्ग निवडला. बाहेरची वस्तू शरीरात नको वाटत होती, आणि पोटाला पुरेसं होतं.

याला डीप फ्लॅप म्हणतात. पोटाचा स्नायू जागच्या जागी ठेवून नुसती कातडी, चरबी आणि तिला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी काढतात, आणि ती छातीतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. जोडायच्या त्या वाहिन्या शेवयांइतक्या जाड, आणि टाका केसाहून बारीक धाग्याचा. एका शरीरातला जिवंत तुकडा रक्तासकट दुसरीकडे न्यायचा ही कल्पना मला भीतिदायक वाटत होती. तेव्हा सर्जननी एक गोष्ट सांगितली. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान होता. टिपूच्या माणसांनी त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं, आणि ती हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आली. युरोपातल्या सर्जनांनी ती वाचून पुढे हे शास्त्र वाढवलं. "तुमच्या गावचंच काम आहे हे," ते म्हणाले. कपाळाची कातडी एका बाजूने जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं, एवढं त्या कुंभाराला पक्कं माहीत होतं. मला त्या गोष्टीने धीर आला. नाव न छापलेल्या त्या माणसाला मी मनात नमस्कार केला.

पैशाचं आधी सांगून टाकते. आमच्या आरोग्यविम्याच्या कॅशलेससाठी गेलो तर खिडकीवरच्या मुलाने फाइल उघडून बघितली आणि म्हणाला, "कॅन्सरचं होईल, प्लास्टिक सर्जरी बसत नाही." नवऱ्याचा चेहरा उतरला. मी पॉलिसी बरोबर आणली होती. कागद वाचणं हे माझं रोजचं काम आहे. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी होतीच, पण त्याच वाक्यात पुढे लिहिलेलं होतं की अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना त्याला अपवाद आहे. हे कलम विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना एकसारखं घालून दिलेलं आहे. त्याच्यासमोर ती ओळ अधोरेखित केली, सर्जनच्या पत्रात 'कॅन्सरनंतरची पुनर्रचना' असे स्पष्ट शब्द घालून घेतले, आणि दोन दिवसांत मंजुरी आली. किती बाया त्या खिडकीवरूनच परत गेल्या असतील, हा विचार अजून मनातून जात नाही.

आता घराचं. ऑपरेशनच्या दहा दिवस आधीच्या रविवारी मी मुलीला म्हटलं, मला बांध. जुनी सुती ओढणी घेऊन तिने माझे दोन्ही दंड अंगाला बांधले, कोपरापासून पुढचे हात तेवढे मोकळे. पोटाला टाके असणार म्हणून कंबरेतून वाकायचं नाही, असं मीच ठरवलं. सकाळी सात ते दुपारच्या जेवणापर्यंत मी तशी घरात वावरले आणि जिथे अडले तिथे मुलीने वहीत लिहिलं.

पहिलीच अडचण अंथरुणातून उठण्याची. रोज आपण हातावर जोर देतो किंवा पोटाच्या जोरावर उठतो. दोन्ही बंद. मग गिझरचं बटण, ते खांद्याच्या वर. बाथरूममधला टॉवेलचा दांडा वर. चहा-साखरेचे डबे ओट्यावरच्या दुसऱ्या फळीवर. दाराची वरची कडी. देवघर भिंतीवर, उदबत्ती लावता येईना. कुकरचं झाकण फिरवताना दंड आपोआप बाहेर यायला बघायचा आणि ओढणी काचायची. फ्रिजचं दार ओढायला वाटतं त्याहून जास्त जोर लागतो. आणि खाली? चपलांचं कपाट खाली, तांदळाचा डबा खाली, फोनचा चार्जर पलंगामागच्या प्लगला. जेवायच्या वेळेपर्यंत वहीची तीन पानं भरली. कंबरेपासून छातीपर्यंत जेवढा पट्टा, तेवढंच सहा आठवडे माझं घर असणार होतं.

संध्याकाळी नवरा, मुलगी आणि सासूबाई तिघांनी मिळून वही घेऊन घर हलवलं. चहा, साखर, भिजवलेल्या बदामांची वाटी, औषधांचा डबा, पाण्याचा तांब्या-भांडं, सगळं टेबलावर आलं. पाण्याची मोठी बाटली उचलायची नाही म्हणून छोट्या छोट्या बाटल्या. चार्जरला लांब वायर. गाऊन हँगरवरून काढून खुर्चीच्या पाठीवर. कामवाल्या मावशींना सहा आठवडे दोन्ही वेळच्या पोळ्यांचं सांगितलं, आणि वाढीव पैसे ऑपरेशनच्या आधीच दिले. नंतर कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

हॉलमध्ये भाड्याने फाऊलर कॉट आणली. हँडल फिरवलं की पाठ वर होते आणि गुडघ्यांखालचा भाग उचलला जातो, ती दवाखान्यातली कॉट. पोटाची कातडी काढून वरची खाली ओढून शिवलेली असते, त्यामुळे सपाट झोपता येत नाही. पाठ उचललेली, गुडघे दुमडलेले, असंच झोपायचं आणि चालतानाही आठ-दहा दिवस पुढे वाकूनच चालायचं. कॉट मिळाली नाही तर उशा आणि लोड रचून तेच साधतं. आरामखुर्चीही चालते. आमच्याकडे लोड भरपूर होते, पण रात्रीत तीनदा ते कुणी रचायचे?

गाऊन शिवण्याचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. डोक्यावरून घालायचा एकही कपडा चालत नाही, सगळं पुढून उघडणारं लागतं, हे त्यांना लगेच पटलं. दूध पाजणाऱ्या बाईचे गाऊन तसेच असतात. त्यांच्या दोन जुन्या मऊ सुती साड्यांचे सहा गाऊन झाले. आतल्या बाजूने कंबरेच्या किंचित खाली दोन-दोन खिसे, ड्रेनचे डबे ठेवायला. ड्रेन म्हणजे जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या. त्यांच्या टोकाला दाबून बसवलेला प्लास्टिकचा डबा असतो, तो ते पाणी ओढून घेतो. हा डबा लोंबकळला की नळी टाक्यापाशी ओढते आणि जीव कळवळतो. खिशात बसला तर जाणवत नाही. आंघोळीला गाऊन नसतो तेव्हा काय, हा प्रश्न दवाखान्यातल्या एका सिस्टरने सोडवला. कामावरच्या ओळखपत्राची फीत गळ्यात घालायची आणि डबे तिला अडकवायचे. माझी पतसंस्थेची निळी फीत त्या दिवशी बॅगेत गेली.

खाण्याचं. आहारतज्ज्ञांनी माझ्या साठ किलो वजनाला दिवसाला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनं सांगितली, जखम भरायला. माझं रोजचं मोजलं तर चाळीसच्या आसपास भरलं. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात यात प्रथिनं आपल्याला वाटतात तेवढी नसतात. मग सकाळी दोन अंडी, मुगाची धिरडी, दुपारी उसळ, संध्याकाळी पनीर, रात्री दूध, असं सुरू झालं. हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून लोहाचं सलाईन घ्यावं लागलं. सासूबाईंनी अळिवाचे आणि डिंकाचे लाडू केले. ते चालतील का, हे मी फोन करून विचारलं. चालतील म्हणाले. पण मी वर्षभर घेत होते त्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि सर्दीचा म्हणून रोज सकाळी होणारा काढा, दोन्ही बंद करायला सांगितलं. रक्त पातळ करणारं काय काय आपण औषध न समजता घेत असतो, ते सगळं डॉक्टरांना सांगावं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

बाळंतपणाच्या चालीतल्या काही गोष्टी मात्र इथे चालत नव्हत्या, आणि ते सांगणं मला सगळ्यात जड गेलं. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर बाज होती, शेगडी होती, ओव्याची धुरी, अंगाला तेल, पोटाला घट्ट पट्टा. मी त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत कागद लिहून फ्रिजवर लावला: तेल नाही. शेक नाही. मालिश नाही. पट्टा डॉक्टर देतील तोच. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "शेक पण नाही?" एवढंच म्हणाल्या. पुण्यातली थंडी तोंडावर आलेली, त्यांना ते पटेना. मला तरी त्यामागचं कारण कुठे पुरतं माहीत होतं? त्याचं पुढे सांगते.

फिजिओथेरपिस्टकडे आधीच जाऊन आले, हे फार बरं झालं. त्यांनी दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून ठेवला, मनगटापासून दर दहा सेंटिमीटरला. काखेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, काढल्या की हाताला सूज येण्याची शक्यता असते, आणि आधीचं माप असेल तरच ती वेळेत कळते. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आठ दिवस आधीपासून वापरायला दिलं. ऑपरेशननंतर छाती दुखत असताना ते शिकणं वेगळं आणि आधीच सवय असणं वेगळं. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, कोपर न टेकता उठायचं कसं, तेही त्यांनीच शिकवलं. ते मी दिवसातून दहा वेळा घोकलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहाला सर्जन खोलीत आले. मी उभी, ते स्टुलावर बसलेले, हातात जांभळं मार्कर पेन. छातीच्या मधोमध एक रेघ, स्तनाखालच्या घडीवर एक, पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत होडीसारखा आकार, आणि बेंबीच्या आजूबाजूला तीन फुल्या. सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या वर आलेल्या दिसल्या ती ठिकाणं. पेन थंड होतं. एक रेघ त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुन्हा काढली, जरा मागे सरकून बघितलं, मग अर्धा सेंटिमीटर खाली घेतली. रांगोळी घालणारी बाई ठिपक्यांकडे जशी बघते तसं ते बघत होते. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. ते थांबले, आणि मी डोळे पुसेपर्यंत पेन हातात धरून तसेच बसून राहिले.

आठ तास लागले. जाग आली तेव्हा आयसीयूत होते, खोली मुद्दाम उबदार ठेवलेली. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. पहिले दोन दिवस सगळं लक्ष नव्या जोडणीवर. दर तासाला सिस्टर यायची, नव्या कातडीला बोट लावून ऊब बघायची, दाबून सोडायची, पांढरी झालेली जागा परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायची. मग डॉप्लरची, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राची, लहानशी कांडी टेकवायची. खोलीभर आवाज व्हायचा. सुक्, सुक्, सुक्. रात्री अडीचला मी तो अर्धवट झोपेत ऐकला आणि क्षणभर मला बावीस वर्षं मागे गेल्यासारखं झालं. सोनोग्राफीच्या टेबलावर मुलीच्या हृदयाचे ठोके ऐकले होते, अगदी तसाच. सिस्टर म्हणाली, "मावशी, चांगला आवाज आहे." त्यानंतर ती यायच्या आधीच मी जागी होऊन वाट बघत असायचे.

काखेतली तपासायची गाठ शोधायला स्तनात निळा रंग टोचतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी झाली. हे आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. तिसऱ्या दिवशी उभं केलं. छातीला दोन आणि पोटाला दोन असे चार ड्रेन होते, दोन तिथेच निघाले, उरलेले दोन घेऊन सहाव्या दिवशी घरी आले. तीन जिने होते. नवऱ्याने प्रत्येक वळणावर प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या दाराशी गरम पाण्याचा पेला धरला. मी वाकलेली, उशी पोटाशी धरलेली, एकेक पायरी. वर पोहोचायला वीस मिनिटं लागली. उंबऱ्याशी सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला.

मग हिशेबाची वही सुरू झाली. सकाळी आठ आणि रात्री आठ. नवरा हातमोजे घालून ड्रेनचा डबा सोडवायचा, मापाच्या पेल्यात ओतायचा, उजेडाकडे धरून बघायचा आणि आकडा सांगायचा. मी लिहायची. तारीख, वेळ, काख, पोट, रंग. पहिल्या दिवशी काखेचे ८५ मिली, लाल. मग ७०, ६०, गुलाबी. ४५. एक दिवस परत ६०, त्या दिवशी मी उगाच खोलीत जास्त फिरले होते. ४०, २८, २२, पिवळसर. सलग दोन दिवस तीसच्या खाली आले की काढायचा, असं सर्जननी सांगितलं होतं. आयुष्यभर लोकांच्या पैशाची बेरीज केली, पण कुठल्या आकड्याची इतकी वाट बघितली नाही. हा माणूस माझ्या बाळंतपणात कुठेच नव्हता, तेव्हा पुरुषांनी त्या खोलीत यायची पद्धत नव्हती. या वेळी पेला त्याच्या हातात होता. पहिल्या रात्री त्याचा हात थरथरत होता, पाचव्या दिवशी तो मलाच विचारायला लागला, "आज रंग उजळलाय, नाही?" काखेचा तेराव्या दिवशी निघाला, पोटाचा सोळाव्या.

ज्याची तयारी केली नव्हती ते केस. माझे कमरेपर्यंत आहेत. ओढणी बांधून सगळं करून बघितलं, वेणी घालून बघितली नाही. दवाखान्यातून आले तेव्हा त्यांचा गुंता झाला होता. सासूबाई कॉटच्या मागे स्टूल घेऊन बसल्या आणि खालून वर, बट बट हातात धरून, दोन दुपारी त्यांनी तो सोडवला. कंगवा ओढला जाऊ नये म्हणून केसांच्या मुळाशी दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यांनी माझ्या केसांना पहिल्यांदा हात लावला. "तुझ्या आईसारखं जमत नसेल मला," त्या म्हणाल्या. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली.

दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि जोर तर करायचा नसतो. इसबगोल पहिल्या दिवसापासून घ्यावं, तीन दिवस वाट बघू नये. खोकला, शिंक, हसू, तिन्हीला उशी पोटाशी घट्ट धरावी. भेटायला येणाऱ्यांना आम्ही संध्याकाळी पाच ते सहा हीच वेळ दिली होती. त्यावरून दोघी रागावल्या, नंतर बोलायला लागल्या.

आता शेकाचं. वाकून चालल्याने माझी पाठ फार दुखायची. तेविसाव्या रात्री थंडी कडाक्याची होती, मी मुलीकडून गरम पाण्याची पिशवी मागून घेतली आणि पाठीखाली ठेवली. कागद पोटासाठी आणि छातीसाठी होता, पाठीसाठी नव्हता, असं मला वाटलं. झोपेत कूस बदलली आणि पिशवी पोटाकडे सरकली. सकाळी गाऊन बदलताना सासूबाईंना बेंबीखाली रुपयाएवढा फोड दिसला. मला काहीच कळलं नव्हतं. काहीच. बोट लावलं तरी कळेना. पोटाची कातडी वेगळी करताना तिच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे बेंबीखालचा भाग आणि नवा स्तन दोन्ही बधिर असतात, बरेच महिने, काही भाग कायमचा. गरम काय आणि गार काय, तिथे समजत नाही. डिस्चार्जच्या पाच पानी कागदात औषधांच्या वेळा होत्या, पुढच्या तारखा होत्या, ही एक ओळ नव्हती. 'शेक नाही' हे मला बोलता बोलता सांगितलं होतं, का नाही ते कुणी सांगितलं नव्हतं. फोड भरायला तीन आठवडे लागले. सासूबाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांनी पिशवी उचलून माळ्यावर टाकली, आणि फ्रिजवरच्या कागदावर 'शेक नाही' याच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: कुठेही नाही.

आरसा मी अठराव्या दिवशी बघितला. दार लावून, एकटीने. डावीकडे पोटाची कातडी होती, जरा वेगळ्या रंगाची, कडेने टाक्यांची गोल रेघ, स्तनाग्र नाही. ते हवं तर नंतर करता येतं, गोंदवताही येतं. पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ. सुंदर वाटलं असं म्हणणार नाही. ओळखीचं वाटलं. दारात मुलगी उभी असणार हे मला माहीत होतं. मी तिला आत बोलावलं आणि दाखवलं. तिलाही पुढे स्वतःची तपासणी लवकर सुरू करायची आहे, तिने हे बघितलेलं असावं असं मला वाटलं.

काखेतल्या गाठी स्वच्छ असल्याचा रिपोर्ट आला. किरणोपचार लागणार नाहीत, हॉर्मोनच्या गोळ्या काही वर्षं. त्या दिवशी घरात सगळे जरा मोठ्याने बोलत होते.

तिसऱ्या आठवड्यापासून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दोन बोटं मुंगीसारखी वर चालवत न्यायची, ताण आला की थांबायचं. मुलगी रोज पेन्सिलने खूण करायची. संक्रांतीला खूण कपाळाच्या उंचीला होती. बेचाळिसाव्या दिवशी सर्जननी हात वर करायला सांगितला, तो कानाला लागला. दुसऱ्या दिवशी कॉटवाले येऊन कॉट घेऊन गेले. सासूबाईंनी मला सारसबागेतल्या गणपतीला नेलं, सव्वा महिना झाल्यावर नेतात तसं, नवं लुगडं नेसून.

गेल्या आठवड्यात पतसंस्थेतल्या एका मैत्रिणीची बहीण आली होती. पुढच्या मंगळवारी तिचं ऑपरेशन आहे, पाठीच्या स्नायूचं. बरोबर नवरा होता, तो सारखा फोनकडे बघत होता, घाबरलेला. मी तिला गाऊन दिले, सहाही, धुऊन इस्त्री केलेले. एकाच्या खिशात निळी फीत ठेवली. हिशेबाची वही नवऱ्याच्या हातात दिली, म्हटलं, यात रकाने आखलेले आहेत, मागची पानं कोरी आहेत. पिशवीचं सांगितलं, थंडी कितीही असो, आणि का ते सांगितलं. वेणीचं सांगितलं. मग विचारलं, रविवारी घरी आहात ना सगळे? एक जुनी सुती ओढणी काढून ठेव.